द्वारकाबाईंची कडेची जागा

सावध होऊन ऐका, मंडळी! इतका वेळ तुम्ही माना पुष्कळ डोलावल्यात. आता त्या जरा स्थिर ठेवा, कारण बुवा प्रश्न विचारणार आहे. ज्याला स्वतःच्या पायांनी चालता येतं, त्यानं केवळ दुसऱ्याला काळजी वाटते म्हणून पांगळं व्हावं का? बोला!

"नाही" म्हणालात! सगळा मांडव "नाही" म्हणाला! वा! आता हात वर करा — ज्यांनी धडधाकट आईवडिलांना परदेशी नेताना विमानतळावर चाकाची खुर्ची लावून घेतली, त्यांनी! ... बघा. गेला आवाज! पेटीवाले, तुम्ही तरी सूर द्या हो, ही शांतता बरी दिसत नाही.

तर आजचं आख्यान विमानाचं आहे. "म्हणजे पुष्पक विमान का, बुवा?" नाही हो! पुष्पकात म्हणे कितीही माणसं बसली तरी एक जागा शिल्लक राहायची. आमच्या साध्या तिकिटाच्या विमानात एका जागेवर एकच माणूस बसतो, आणि त्याचे गुडघे शिल्लक राहतात! ते कुठं ठेवायचे? पुढच्याच्या पाठीत! असल्या विमानात चौदा-चौदा तास काढायचे, म्हणजे कुठली कंपनी निवडायची ही गोष्ट लहान नाही. हसू नका. एका बाईचं घर त्या निवडीवर टांगलेलं होतं.

पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला एक गाव आहे. तिथं राहायच्या द्वारकाबाई लोहार. वय सत्तर. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. घर स्वतःचं, दारात चिकूचं झाड, मागं परडं. आणि बाईंचं काम काय होतं? तेहेतीस वर्षं सरकारी आरोग्यसेविका! खांद्याला लशीची पेटी, पेटीत बर्फ, आणि पायात साध्या चपला. जिथं एसटी जात नाही, जीप जात नाही, तिथं बाई जायची. सगळे तिला म्हणायचे डोसवाली नर्सबाई. एकेक वाडी, एकेक धनगरवाडा. "पोर झोपलंय, उद्या या" म्हटलं की बाई दारात फतकल मारायची. "उठेपर्यंत बसते. पण थेंब दिल्याशिवाय हलणार नाही!" अशी हट्टी! तिच्या हद्दीत एका पोराला पोलिओ झाला नाही, हा तिचा अभिमान. असूच दे की! कमावलेला होता.

अशी बाई दोन वर्षांपूर्वी परड्यात घसरली. शेवाळलेली फरशी, पाय सटकला, खुब्याचं हाड मोडलं. कऱ्हाडला नेलं, डॉक्टरांनी आत लोखंडी गोळा बसवला आणि सांगितलं, "बाई, आता काठी सुटेल याची खात्री नाही." बाई म्हणाली, "तुम्ही गोळा बसवलात, उपकार झाले. खात्रीचं माझं मी बघते." पहिल्या महिन्यात खाटेपासून उंबऱ्यापर्यंत. मग चिकूपर्यंत. मग मारुतीपर्यंत. रडत चालली, दात आवळून चालली. चौदा महिन्यांनी एसटी स्टँडवर गेली, कंडक्टरला "काय रे, ओळखलंस का?" म्हणाली, आणि चालत परत आली! काठी गेली कोपऱ्यात.

पण तिचा मुलगा पराग कॅनडात. एकुलता एक. तो वाईट नाही हो! आईवर जीव टाकणारा. फरशीवर आई पडली तेव्हा हा सातासमुद्रापलीकडं होता, ती भीती त्याच्या काळजात रुतून बसलेली. त्यानं फोन केला. "आई, इकडं ये. आता कायमची ये. घराला कुलूप लावू, चावी शेजारच्या शेडगेकाकांकडं देऊ."

"कायमची कशाला? नातवाला बघायला तीन महिने येईन."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन. मागच्या वेळी कोण उठलं होतं?"

हो-नाही, हो-नाही, दोन महिने हेच चाललं. शेवटी बाई म्हणाली, "पराग, सरळ ठरवू. माझ्या दारापासून तुझ्या विमानतळाच्या दारापर्यंत मी माझ्या पायांनी आले, तर तीन महिन्यांनी मी माझ्या घरी परत. आणि कुठंही चाकाच्या खुर्चीत बसून आले, तर तू म्हणशील तिथं राहीन. तोंडातून शब्द काढणार नाही." पराग म्हणाला, "ठरलं." मंडळी, ध्यानात ठेवा! घर, परडं, चिकू, सगळं आता दोन पायांवर आलं.

मग तिकिटाची सभा भरली! सभा म्हणजे फोनच्या पडद्यावर पराग, आणि इकडं बाईच्या ओसरीवर शेजारचे शेडगेकाका. हे शेडगेकाका पाच वेळा अमेरिकेला जाऊन आलेले, त्यामुळं गावात विमानाचं शेवटचं मत त्यांचं. कंपन्यांची खरी नावं मी घेणार नाही, कीर्तनात जाहिरात नको. एकीला म्हणू निळी, एकीला म्हणू तांबडी.

पराग म्हणाला, "आई, थेट विमान आहे. पंधरा तास, मध्ये कुठं उतरायचं नाही."

"कडेची, वाटेलगतची जागा मिळेल?"

"कडेच्या सगळ्या गेल्या. मधली आहे."

"म्हणजे दोन माणसांच्या मध्ये पंधरा तास? मी काय पोत्यातला बटाटा आहे? नको."

शेडगेकाका सरसावले. "आक्का, निळी घ्या! आमचं सगळं निळीनंच. वाळवंटातल्या त्या शहरात उतरायचं, सव्वा तासात दुसरं विमान."

"सव्वा तासात मला पोचता येईल?"

"चालत? छे! धावावं लागतं! म्हणून तर खुर्ची! खुर्ची लावून घ्यायची, म्हणजे रांग नाही, भाषेची कटकट नाही, सगळ्यांच्या आधी आत. मी दरवेळी खुर्चीनंच जातो!"

"तुमच्या पायाला काय झालंय, भाऊजी?"

"पायाला? काही नाही की! रोज पाच किलोमीटर फिरतो मी!"

ऐकलंत? रोज पाच किलोमीटर फिरणारा माणूस विमानतळावर गेला की लुळा! आणि शेडगे खोटारडे आहेत का? नाहीत हो. पोरानं तसं बुक केलं, ते बसले. सगळेच बसतात. हसू नका पुढच्या रांगेतले, तुमचीही माहिती आहे माझ्याकडं!

बाई वही घेऊन बसली. तिची विमान निवडायची रीत बघा. लशीची पेटी घेऊन डोंगरात निघताना ती कधी जवळची वाट बघत नसे. बर्फ किती तास टिकेल, पाणी कुठं, सावली कुठं, टेकायला दगड कुठं, यावर वाट ठरायची. आडवाट जवळची असली तरी तिथं बर्फ वितळला तर लस वाया, आणि पोरं कोरडी. तेच डोकं तिनं इथं लावलं. "पराग, भाडं मागनं सांग. आधी सांग — कडेची जागा नक्की कोण देतो? मला तासातासाला उठून चालायला हवं, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि मध्ये उतरल्यावर माझ्या चालीनं दुसऱ्या दारापर्यंत जायला वेळ कोण देतो?"

पराग कुरकुरत म्हणाला, "तांबडी देते कडेची जागा. पण आई, तिच्यात मध्ये साडेपाच तास थांबावं लागतं. लोक त्यासाठीच तांबडी टाळतात."

"लोकांना टाळू दे. मला साडेपाच तास हवेत. तांबडी काढ. दोन्ही विमानांत कडेची जागा, आणि खुर्ची नाही. लिहून घे — खुर्ची नाही!"

"बरं, आई."

बरं म्हणाला. तिकीट तांबडीचं काढलं, जागा कडेची घेतली. आणि शेवटच्या पानावर एक चौकोन होता — 'प्रवाशाला चाकाची खुर्ची हवी काय?' परागची बोटं थांबली. त्याला ती शेवाळलेली फरशी आठवली. आणि त्यानं त्या चौकोनात खूण केली! आईला सांगितलं नाही. मंडळी, प्रेमानं केलेली लबाडी म्हणजे पुण्य का? तुम्हीच विचारा स्वतःला.

झालं! निघायचा दिवस उजाडला. बाईनं घराला कुलूप लावलं, चिकूला पाणी घातलं, किल्ली शेडगेकाकांना दिली नाही — ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली. मुंबईला विमानतळावर एक माणूस खुर्ची घेऊन आला. "द्वारका लोहार?" बाई म्हणाली, "हो, पण चूक झालीय तुमची." आणि चालू लागली! सोबत पिशवी, पिशवीत नातवासाठी भाजणीचा डबा. विमानात कडेची जागा. तासातासाला उठून मागच्या टोकापर्यंत फेरी. आणि फेरी मारताना बाईनं काय बघितलं? मुंबईला तिच्याबरोबर खुर्चीतून आलेली अर्धी मंडळी उभ्या-उभ्या गप्पा मारतायत! एक काका वाकून खालची बॅग उचलतायत! देव कुठं दिसत नाही म्हणता ना? जमिनीवर पांगळे, आकाशात धडधाकट — आणि चाकं टेकली, की पुन्हा पांगळे!

थांबा, थांबा. कुणाच्या गुडघ्यात काय सलतं, कुणाचं काळीज किती धडधडतं, हे बाहेरून दिसत नाही. ज्याला खुर्ची लागते त्यानं ताठ मानेनं बसावं, त्याला बोट दाखवणाऱ्याचं बोट मोडेन मी! माझं भांडण उरलेल्यांशी आहे.

वाळवंटातल्या शहरात विमान उतरलं. दारात खुर्च्यांची रांग. खुर्च्या किती? चौदा. यादीत नावं किती? तेवीस! पन्नाशीचा, दमलेला, नेपाळकडचा एक माणूस हातात यादी घेऊन नावं पुकारत होता. तिसरंच नाव — "द्वारका लोहार!"

बाई जागच्या जागी थबकली. मुंबईला एकदा चूक होईल. इथंही तीच चूक? तिला कळलं. "परागनं केलं हे!" बाई संतापली. आणि अगदी त्याच वेळी खुब्यात कळ उठली. विमानाचा जिना उतरताना पाय अवघडला होता. समोर खुर्ची. गादीची, स्वच्छ, तिच्याच नावाची! आणि बघणारं कोण आहे? कुणी नाही! पाच मिनिटं बसलं तर परागला कोण सांगणार? मंडळी, खरं सांगतो, बाईचा हात खुर्चीच्या दांड्यापर्यंत गेला होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "भाऊ, माझं नाव बघा ना. ज्योत्स्ना सोनवणे. माझं विमान पन्नास मिनिटांत आहे."

बाईनं वळून बघितलं. चाळिशीची बाई. एका हातात कुबडी, आणि डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या. नर्सबाईला कुणी सांगायला लागतं? एका नजरेत तिला कळलं. पोलिओ.

तो माणूस म्हणाला, "दीदी, तुमचं नाव एकोणिसावं. खुर्च्या संपल्या. पुढची खेप अर्ध्या तासानं."

"अर्ध्या तासानं मी पोचणार कशी? सोमवारी सकाळी मला जर्मनीत नोकरीवर हजर व्हायचंय!"

पुढं बसलेल्या तेरा जणांतलं कुणी हललं का? एक काका खुर्चीत बसून वडी खात होते. खाऊन झाल्यावर कागद टाकायला उठून टोपलीपर्यंत गेले, आणि येऊन परत बसले!

द्वारकाबाईनं विचारलं, "बाळ, गाव कुठलं तुझं?"

"एरंडोलजवळ, मावशी. शेतातली वस्ती."

"डोस नव्हता मिळाला?"

"नर्स यायची म्हणे गावात. पण वस्ती लांब होती, नाल्याला पाणी होतं. त्या वर्षी ती आलीच नाही." ज्योत्स्ना तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती.

मंडळी! द्वारकाबाईला त्या वेळी काय वाटलं असेल? एरंडोल कुठं, पाटण कुठं! तो नाला तिच्या हद्दीतला नव्हता. ती नर्स दुसरीच कुणी, आणि त्या बिचारीचीही काय अडचण असेल कोण जाणे. पण बाईचे डोळे भरून आले. कुणीतरी एक दिवस चाललं नाही, आणि ही पोर जन्मभर पट्ट्या बांधून चालली! आणि मी? चालता येत असून मी या खुर्चीकडं हात नेला?

बाईनं खुर्ची धरली आणि फिरवली. "बस, ज्योत्स्ना."

"मावशी, ही तुमची आहे ना?"

"माझी आहे, म्हणून तर देतेय."

तुम्हाला वाटेल, ज्योत्स्ना संकोचली असेल. मुळीच नाही! कुबडी मांडीवर घेऊन राणीसारखी बसली. म्हणाली, "मला लागते, मावशी. मला लाज नाही वाटत." बाई खूश! "अशी बोल!"

पण यादीवाला आडवा आला. "माताजी, असं चालत नाही. खुर्ची तुमच्या नावावर आहे. आणि मला आधी या दोघांना न्यायचंय. हिच्यासाठी माणूस नाही."

"खुर्ची माझ्या नावावर आहे ना? मग त्यात कोण बसणार ते मी सांगणार! आणि माणूस नाही कसा? ही काय उभी आहे!"

"तुम्ही ढकलणार?"

"तेहेतीस वर्षं पेटी वाहिलीय डोंगरात. इथं तर फरशी आहे, भाऊ! दार कुठलं ते सांगा."

त्यानं एकदा बाईकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. आणि हसून हात केला, "सरळ, मग उजवीकडं, शेवटचं दार."

चालली! सत्तर वर्षांची बाई, खुब्यात लोखंडी गोळा, खुर्चीत लोखंडी पट्ट्यांची पोर, आणि बाई चालली! ज्योत्स्ना पाट्या वाचून दाखवतेय, "मावशी, उजवीकडं!" बाई ओरडतेय, "बाजूला व्हा, बाजूला!" तेही मराठीत! आणि सगळ्या जगाची माणसं बाजूला होतायत! भाषा येत नाही म्हणून खुर्ची लावतात ना तुम्ही? बघा, कशी कळली भाषा!

दार बंद व्हायला सात मिनिटं होती. ज्योत्स्ना आत गेली. जाताना बाईचा हात घट्ट धरून म्हणाली, "मावशी, तुमचं विमान चुकेल ना माझ्यामुळं?" बाई म्हणाली, "चुकतंय कशाला? तांबडीचे साडेपाच तास घेतलेत मी! अजून साडेचार शिल्लक आहेत. निळीनं आले असते तर तुझ्याकडं बघायलाही वेळ नव्हता."

ज्योत्स्ना दिसेनाशी झाली, आणि बाईचा पाय गेला. कळ अशी आली की डोळ्यांपुढं अंधारी! समोर रिकामी खुर्ची. बाईनं खुर्चीकडं बघितलं. आणि खुर्ची सोडून खाली, सरळ फरशीवर, भिंतीला टेकून पाय पसरून बसली! जमिनीवर बसायला पैजेत मनाई नव्हती ना? गळ्यातली किल्ली हातात धरली आणि अर्धा तास तशीच बसून राहिली. या ठिकाणी बुवाची स्वतःची एक ओळ आहे, चूकभूल माझी —

देवे दिले पाय, चालायासी वाट ।
थकल्यास पाट, तूच मांड ॥

म्हणा! ... मागचे म्हणत नाहीयेत. मागच्यांचे पाय दुखतायत वाटतं!

पुढं चौदा तासांचं विमान. कडेची जागा. दर तासाला बाई उठली, दर तासाला चालली. आणि कॅनडात उतरली तर दारात काय? पुन्हा खुर्ची, पुन्हा तिच्याच नावाची! यावेळी मागं कुणी ज्योत्स्ना नव्हती. सगळ्यांना खुर्च्या पुरल्या होत्या. बाईनं खुर्चीकडं बघितलं, आणि गालातल्या गालात हसली.

बाहेर पराग उभा. दार उघडत होतं, मिटत होतं. आणि आतून एक खुर्ची येताना दिसली. पराग पुटपुटला, "आली. खुर्चीत आली." त्याला बरं वाटलं का? वाटलं. आणि वाईटही वाटलं, बरं का! कारण चौदा महिने उंबऱ्यापासून चिकूपर्यंत रडत चालणारी आई त्यानंच फोनवर बघितली होती.

खुर्ची जवळ आली. खुर्चीत कोण? भाजणीचा डबा! पट्टा लावून, नीट बसवलेला! आणि मागं, दोन्ही हातांनी खुर्ची ढकलत, पाय किंचित ओढत, पण मान ताठ — द्वारकाबाई लोहार!

"आई!"

"तू पाठवलीस ना खुर्ची? तीन ठिकाणी पाठवलीस. रिकामी कशी आणू? डबा दमला होता, त्याला बसवलं."

पराग पुढं आला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, आईच्या पायांवर वाकला. त्या सुजलेल्या पायांना हात लावून रडला. "आई, चुकलो. मला भीती वाटली गं."

बाईनं त्याला उठवलं. "भीती वाटली तर मला सांग. मला न विचारता माझे पाय काढून घेऊ नकोस." तिचेही डोळे वाहत होते. तिनं गळ्यातली किल्ली बाहेर काढून त्याला दाखवली आणि पुन्हा आत टाकली. "आता घरी चल, नातू दाखव. आणि परतीचं तिकीट आजच काढ. तांबडीचं. कडेची जागा. आणि तो चौकोन —"

"कोरा ठेवतो, आई."

मंडळी, कथा संपली, पण मी तुम्हाला सोडत नाही! सुरुवातीला तुम्ही सगळे "नाही" म्हणाला होतात. आता घरी जा. घरी कुणीतरी म्हातारं माणूस आहे, त्याच्या हातातली बादली तुम्ही काढून घेता. त्याला जिना चढू देत नाही, रस्ता ओलांडू देत नाही, बँकेत एकटं जाऊ देत नाही. माया आहे तुमची, मी कुठं नाही म्हणतो! पण त्याला विचारलंत का? एकदा तरी विचारलंत का, "तुम्हाला जमतंय का?" म्हणून? आणि तुम्ही, पुढच्या रांगेतले आजीआजोबा! तुम्हाला कुणी बसवलं म्हणून बसू नका! लागलं तर बसा, बेलाशक बसा! पण चालता येत असेल तर उठा, आणि तुमच्या नावाची खुर्ची मागच्या एकोणिसाव्या माणसाला द्या!

आरती उभ्यानं करायची आहे. चला, ज्यांना ज्यांना जमतंय, ते उठा पाहू! आणि शेडगे, तुम्हीसुद्धा!